उधारीची वही

आमच्या माहेरी दारू हा शब्द कुणी तोंडाला येऊ दिला नाही. दादा पिऊन आला की माय म्हणायची, "आज बरं नाही त्याला." वहिनी म्हणायच्या, "आलेत. झोपलेत." शेजारची काकू कुंपणापलीकडून विचारायची, "आज बी का?" आणि त्या 'बी'त सगळं येऊन जायचं. भाचा पाच वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी त्याला विचारलं, पप्पा का नाही आले? तर तो म्हणाला, "पप्पाला पित्त झालंय." त्याला हे कुणी पढवलं नव्हतं. घरात जे कानावर पडलं तेच तो बाहेर बोलला. बाई माझ्या ओळखीच्या, त्यांनी फोन करून पित्तावर एक औषध सुचवलं, म्हणून मला कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. एवढंसं लेकरू घराची अब्रू झाकायला शिकलं होतं, आणि ते आमच्याकडूनच शिकलं होतं.

माहेर गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. परभणीहून निघालं की दैठणा, पोखर्णी मागे पडतं आणि काळ्या रानातून रस्ता गंगेकडं उतरायला लागतो. लग्न होऊन मी परभणीत आले तेव्हा या चाळीसेक किलोमीटरचं मला काहीच वाटत नसे. पुढं पुढं पोखर्णी आली की पोटात गोळा यायचा. आज दादा कसा असेल? ओसरीवर बसलेला असेल की आतल्या खोलीत पडलेला? त्या रस्त्यावर मी पोखर्णीच्या नृसिंहाला किती नवस बोलले, त्याचा हिशेब नाही.

आमचे आजोबा हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी सांगत. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा पैसा फार मोठा यायचा. तो तोडायचा म्हणून स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं निघालेल्या सत्याग्रहींनी मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडं तोडली. रात्री कुऱ्हाडी घेऊन निघायचं, झाडं आडवी करायची आणि उजाडायच्या आत पांगायचं. आजोबांच्या तोंडून हे ऐकताना लहानपणी अंगावर काटा यायचा. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा फडकला की मला त्या कुऱ्हाडी आठवतात. एक राजवट झाड तोडून खिळखिळी करता येत होती. आजोबांच्याच नातवाच्या अंगात जे झाड वाढत होतं, त्याच्यावर कुठून घाव घालायचा हे मात्र आम्हाला उमगत नव्हतं.

गावात परवान्याचं दुकान नाही. आपल्याकडे २००८ पासून सोय आहे, पंचवीस टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला पडली की दुकान बंद. अनेक गावांतल्या बायांनी अशी बाटली आडवी केली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण आमच्या गावात आडवं करायला दुकानच नव्हतं. एका किराणा दुकानात तेलाच्या डब्यामागं देशीच्या बाटल्या असायच्या आणि तिथं उधारी चालायची.

ती वही मी हातात धरून पाहिली आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर लक्ष्मीचं चित्र, कडा तेलानं पिवळ्या पडलेल्या. दर माणसाला एक पान. दादाच्या नावाला चार पानं होती, टाचणीनं एकत्र टोचलेली. तारीख, पुढं 'क्वा. १', कधी 'क्वा. २', मधेच 'शेंगदाणे १०', आणि एका ठिकाणी 'पोरीला बिस्कीट ५'. त्या बिस्किटापाशी माझी नजर थांबली. म्हणजे भाचीला सोबत घेऊन गेला होता, आणि तिच्या हातात पुडा देऊन तिला गप्प बसवलं होतं. खाली बेरीज होती ६,४०० रुपये. दुकानदार दादाच्याच वर्गातला. त्याचं अक्षर शाळेत असल्यापासून सुरेख.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी ते पैसे भरले. सणाला दारात कुणी मागायला येऊ नये, मायच्या जिवाला घोर नको, भाऊबीजेला दादाची मान खाली नको, अशी कारणं मी स्वतःला सांगितली. दुकानदारानं चारही पानांवर तिरपी रेघ मारली आणि वर 'जमा' लिहिलं. मला केवढं हलकं वाटलं! भाऊबीजेला दादानं ओवाळणीत पाचशेची नोट टाकली. ती त्यानं ह्यांच्याकडूनच मागून घेतली होती, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत वहीत नव्या पानावर पहिली ओळ पडली होती. पडणारच. जुनं फिटलं होतं, पत वाढली होती. ती वाढवणारी मीच होते.

मदत म्हणून आपण जे करतो त्यातलं किती खरोखर त्या माणसासाठी असतं आणि किती आपल्या लाजेसाठी, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. माय त्याची ओकारी पुसायची, सकाळ व्हायच्या आत अंथरूण धुऊन टाकायची. वहिनी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायच्या, तालुक्याला गेलेत. मी पैसे भरायची. ह्यांनी दोनदा मोटरसायकल सोडवून आणली. आम्ही चौघं चारी बाजूंनी त्याला असं धरून उभे होतो की पडल्यावर लागतं हे त्याला कळूच नये.

मी मराठी शिकवते. 'एकच प्याला' कितीदा शिकवला असेल. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, बालगंधर्व सिंधू झाले, महाराष्ट्र तिच्यासाठी रडला. सुधाकर बुद्धिमान वकील, अपमानानं पोळलेला, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो, हे मुलांना सांगताना माझाही गळा दाटायचा. सिंधूच्या दळणाबद्दल, तिच्या निष्ठेबद्दल मी भरभरून बोलायची. पण दादाची वही पाहिल्यानंतरच्या वर्षी शेवटच्या अंकाशी आले आणि अडखळले. नवऱ्याच्या हातून लागलेल्या मारानं मरायला टेकलेली सिंधू फौजदारासमोर त्याला वाचवायला खोटं बोलते. तिच्या जागी मला वहिनी दिसल्या, माय दिसली, पित्ताचं नाव सांगणारा भाचा दिसला. शंभर वर्षं आपण त्या खोट्याला निष्ठा म्हणत आलो. त्या दिवशी मी वर्गाला विचारलं, सिंधूनं खरं सांगितलं असतं तर? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग माहेरी गेली असती तरी लोकांनी तिलाच नावं ठेवली असती." तिच्या घरी काय चाललं असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

एक उन्हाळा असा आला की माय हट्टाला पेटली. कोंडू त्याला, आठ दिवसांत सुटंल. चुलत्यांनी दादाला मागच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. परभणीकडचा मे महिना, पत्र्याची खोली, माठभर पाणी. पहिला दिवस शिव्यांत गेला, दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, वाटी धरवेना. चुलते म्हणाले, विष निघायलंय. तिसऱ्या रात्री दादा भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. भिंतीवर मुंगी नव्हती. मग तो सर्ज्याला हाका मारू लागला, "सर्ज्या, हो बाजूला, गंगेला पाणी आलंय." सर्ज्या बैल विकून दोन वर्षं झाली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे टक्क उघडे, आणि समोर मी असून त्याला मी दिसत नव्हते. पहाटे झटका आला तेव्हा आम्ही कडी काढली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एकच विचारलं, "एकदम बंद कुणाच्या सांगण्यावरून केली?" मग सलाईन जोडता जोडता समजावलं. दारू मेंदूला रोज खाली दाबते, मेंदू रोज तेवढाच जोर उलटा लावायला शिकतो. वर्षानुवर्षं हे चाललं आणि वरचा हात अचानक काढला की तो जोर उसळतो. थरथर, झटके, भास, आणि दोन ते चार दिवसांच्या आत माणूस दगावूही शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याची दारू दवाखान्यात, औषधाच्या आधारानं उतरवायची असते. त्यांनी आधी बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. अशा रोग्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं, आणि नुसती साखरेची सलाईन चढवली तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. आमच्याकडे काहीही झालं की 'एक बाटली लावून टाका' म्हणतात. ते ऐकलं की अजून माझ्या छातीत धस्स होतं. आम्ही त्याला वाचवायला निघालो होतो आणि मारत होतो.

एक पुडी आमच्या घरात येऊन गेली, तेही सांगते. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात, एसटी थांब्यावर असतात. भाजीत कालवायची, बिनवासाची, बिनचवीची. अशा काही पुड्यांत काय असतं देव जाणे. डॉक्टर वापरतात त्या खऱ्या गोळीचं नाव डायसल्फिराम, १९४८मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तिचा हा उपयोग पुढं आणला. ती पोटात असताना दारू प्यायली तर दारूचं अर्धवट पचलेलं विष रक्तात साठतं, चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्यानं ती समजून उमजून घेतली आहे त्याला ती रोज सकाळी एक आधार देते. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यासाठी ती घात आहे. वहिनींनी पुडी आणली होती. भाजी वाढताना त्यांचा हात थांबला आणि त्यांनी ताट तसंच म्हशीच्या घमेल्यात न टाकता उकिरड्यावर नेऊन ओतलं. पुढं म्हणाल्या, "ताई, जेवणात कालवायचं म्हणजे काय हो? आयुष्यभर ह्यांना मी वाढलेला घास घेताना भ्या वाटलं असतं."

माळ मात्र आमच्याकडची खरी गोष्ट आहे. सप्ताह संपताना महाराजांपुढं बसून तुळशीची माळ घालून घ्यायची, दारू-मटण सुटलं. गंगाखेड जनाबाईचं गाव, वारकऱ्यांचा मुलूख. माळेनं सुटलेली दहा तरी माणसं मी नावानिशी सांगू शकते. मला वाटतं, त्यात माळेइतकाच तिच्या भोवतीच्या माणसांचा हात असतो. संध्याकाळी सातला, जेव्हा पाय दुकानाकडं वळतात, तेव्हा हरिपाठाला कुणी तरी हाक मारतं. शेजारी बसायला जागा असते. पण तुटलेल्या माळेचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दादाची माळ पोळ्याच्या करीला तुटली. त्यानं ती उशाखाली ठेवली आणि लाजेनं देवळात जाणं सोडलं. गावानं त्याला पापी म्हटलं नाही, पण कुणी बोलवायलाही आलं नाही.

माळ तुटणं हा आजाराचाच भाग आहे, हे मला पुण्याच्या मुक्तांगणाविषयी वाचताना समजलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र सुरू केलं. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. १९९७मध्ये कर्करोगानं गेल्या, पुढं मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पेललं. तिथं बरे झालेले लोकच नव्या आलेल्यांना सांभाळतात, आणि पुन्हा घसरलेल्याला पुन्हा घेतात. मला सगळ्यात जवळचं वाटलं ते त्यांचं 'सहचरी', पेशंटच्या बायकांसाठी चालवलेला गट. घरातला एक आजारी असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरून फिरून वेगळ्या तऱ्हेनं आजारी होतात, हे कुणी तरी ओळखलं होतं.

तिकडं अमेरिकेत हेच लोईस विल्सन नावाच्या बाईला उमगलं होतं. तिच्या नवऱ्यानं, बिलनं, १९३५मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात केली. तो प्यायचा थांबला, रोज सभांना जाऊ लागला, आणि एके दिवशी 'चल, उशीर होईल' म्हणाला तशी हिनं त्याच्या अंगावर चप्पल फेकली. नंतर ती स्वतःच चकित झाली. नवरा सुधारला तर राग कशाचा? इतकी वर्षं मी खपले आणि अनोळखी माणसांनी त्याला काही महिन्यांत सावरलं, याचा. नवरे आत सभेत असताना बायका बाहेर ताटकळत बसायच्या, त्यांनाच तिनं एकत्र केलं. १९५१मध्ये त्यातून अल-अॅनॉन उभं राहिलं. वहिनींना मी ही चपलेची गोष्ट सांगितली तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या बाईला बी असंच व्हायचं म्हणा की."

दवाखान्यातल्या समुपदेशकानं दादाच्या आधी आम्हाला समोर बसवलं. म्हणाला, तो प्यायल्यावर एक अक्षर बोलू नका, वाया जातं. सकाळी, पोटात काही नसताना, चहाच्या वेळेला बोला. काय झालं तेवढंच सांगा. 'तू वाया गेलास' म्हणू नका. 'काल रात्री पोरगी पलंगाखाली झोपली' असं सांगा. त्याची उधारी फेडू नका, त्याच्या वतीनं खोटं बोलू नका. जेवायला मात्र वाढा. आणि त्यानं आवाज खाली आणून वहिनींना विचारलं, "मारतात का?" वहिनींनी पदर सारखा केला. "मारलं तर सहन करणं ही मदत नाही ताई. तेव्हा आधी तुम्ही आणि लेकरं बाहेर. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा तुमच्यासाठीच आहे." त्यानं एका चिठ्ठीवर सरकारच्या व्यसनमुक्तीच्या फुकट फोनचा नंबर लिहून दिला, १४४४६. ती चिठ्ठी वहिनींनी देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली, अजून तिथंच आहे.

एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये आलेल्या पाहणीत एक आकडा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागं एकाला कसलीतरी मदत मिळाल्याचं आढळलं. मी वर्गात हजेरी घेताना कधी कधी अडतिसाव्या नंबरापाशी थांबते. उरलेल्या सदतीस घरांत पित्तच झालेलं असणार.

समुपदेशकानं सांगितलं ते करणं सोपं नव्हतं. दुकानदार एका सकाळी ओसरीवर आला, वही काखेत. माय लगबगीनं कमरेची पिशवी सोडायला लागली. वहिनी भाकरी टाकत होत्या, पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "कुणाचे पैसे?" "दादांचे." "मग त्यांना माग. आत आहेत, जागे आहेत." आणि जरा थांबून, ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दारूचे पैसे हे घर देणार नाही." वीस वर्षांत त्या घरात तो शब्द पहिल्यांदा पडला. माय मटकन खाली बसली. दादा दारात आला होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, एखाद्याला भर बाजारात नावानं हाक मारावी तसा. त्या दिवशी तो कुठं गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला, पिऊनही आला. पण तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानंच विचारलं, "पोरगी खरंच पलंगाखाली झोपली होती का गं?"

पुढं भरती झाला, सुटून आला, सात महिन्यांनी पुन्हा प्यायला, पुन्हा भरती झाला. सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी आम्हाला वाटलं संपलं सगळं, आणि नेमका त्या वर्षी तो टिकला. का, ते मला सांगता येत नाही. टिकलेल्या दिवसांबद्दल आम्ही गावात बोलत नाही, दृष्ट लागेल म्हणून. हा अजून आमच्यातला जुना दोष.

मी रोज संध्याकाळी सातला त्याला फोन करते. पाच मिनिटं. वासराबद्दल, भाचीच्या परीक्षेबद्दल, कापसाच्या भावाबद्दल. परवा त्यानं उचलला नाही. साडेसातला नाही, आठला नाही. वहिनींचा लागेना. नऊ, दहा. हे म्हणाले, "झोप, सकाळी बघू." मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले. मनात सगळं एकदा होऊन गेलं, वही, तिरपी रेघ, मुंग्या. साडेबाराला त्याचाच फोन आला.

पूर्वी मी विचारलं असतं, बरं वाटत नव्हतं का?

"दादा, पिलास का रे?"

तो थोडा वेळ गप्प होता.

"नाही. मोटर चालू करायला रानात आलोय. लाईट बाराला आली. फोन घरीच चार्जिंगला होता, आत्ता पोरगं घेऊन आलं." आणि मग, "तू झोपली नाहीस अजून?"

मागं पाटात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी तो बराच वेळ ऐकत राहिले.